टेक्स्ट एडिटर बनवणाऱ्या मंडळींना सोलापूरहून खुलं पत्र: प्रिव्ह्यूमध्ये तक्ते आणि तळटीपा दिसू द्या

टेक्स्ट एडिटर लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सर्व मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण दिवसभराची नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मुक्त सॉफ्टवेअरचं काम करता. त्या कामाचा मोबदला तुम्हाला क्वचितच मिळतो, आणि आमच्यासारखे वापरणारे मात्र त्यावर रोज अवलंबून असतात. म्हणून हे पत्र तक्रारीचं नाही, मागणीचं आहे. मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातच चांदण्या, रेघा अशा खुणा घालून मथळे, याद्या, ठळक शब्द लिहायची पद्धत, आणि प्रिव्ह्यू म्हणजे त्या खुणांचं तयार रूप दाखवणारी खिडकी. मागणी अशी: तुमच्या एडिटरच्या मार्कडाउन प्रिव्ह्यूमध्ये विस्तारित सिन्टॅक्स (मूळ खुणांवर पडलेली भर), म्हणजे तक्ते, तळटीपा, व्याख्या-याद्या, कामांच्या याद्या आणि खोडलेला मजकूर, वेगळं प्लगइन (जोड-प्रोग्राम) न घालता पहिल्यापासून चालू असू द्या. आणि ते देवनागरीत बिनचूक चालू द्या.

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. आमचे विद्यार्थी स्थानिक इतिहासाचे आणि स्थानिक व्यवसायांचे प्रकल्प करतात. कुणी जुन्या गिरणीवर लिहितं, कुणी मंगळवेढ्याच्या ज्वारीवर, कुणी पूर्व भागातल्या यंत्रमागांवर. हे सगळं लिखाण आम्ही साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये, मार्कडाउनमध्ये ठेवतो. कारण व्यवहारी आहे. प्रयोगशाळेतली मशीन जुनी आहेत, विद्यार्थ्यांच्या घरचे लॅपटॉप वेगवेगळे आहेत आणि पुष्कळांचं लिखाण मोबाइलवरच होतं. साधी टेक्स्ट फाइल यातल्या प्रत्येकावर उघडते. तिची आवृत्ती कधी कालबाह्य होत नाही. दोन विद्यार्थ्यांनी एकाच प्रकरणात बदल केले तर गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये ओळीओळीने कळतं, कुणी काय बदललं.

अडचण प्रिव्ह्यूपाशी येते. विद्यार्थिनीने उभ्या रेघांनी रकाने पाडून मेहनतीने तक्ता लिहिलेला असतो, आणि उजवीकडच्या खिडकीत तिला उभ्या रेघांनी भरलेला एक सलग परिच्छेद दिसतो. तळटीपेच्या जागी चौकटी कंसातली खूण तशीच्या तशी उभी असते. तिला वाटतं आपलंच चुकलं. ती रेघा मोजते, मोकळ्या जागा घालून पाहते, शेवटी सगळं उचलून वर्ड प्रोसेसरमध्ये नेते. तिथून ती फाइल पुन्हा साध्या टेक्स्टमध्ये येत नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: मार्कडाउन मुळातच असं बनवलंय की प्रिव्ह्यूशिवायही ते वाचता यावं. हे खरं आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मार्कडाउन जाहीर केलं तेव्हा त्यांचा मुख्य आग्रहच हा होता की कच्चा मजकूर जसा आहे तसा वाचनीय असावा. त्या पहिल्या मांडणीत तक्ते नव्हते, तळटीपाही नव्हत्या. ज्याला हवं त्याने तेवढ्या भागापुरतं एचटीएमएल, म्हणजे वेबपानांची टॅग वापरणारी भाषा, लिहावं अशी सोय होती. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं त्यात फारसं अडत नाही. त्याच्या एडिटरमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते, त्यामुळे उभ्या रेघा एकाखाली एक बसवल्या की कच्चा तक्तासुद्धा तक्त्यासारखाच दिसतो.

देवनागरीत हे होत नाही. 'क्ष्म' आणि 'र' यांची रुंदी सारखी कशी असणार? काना, वेलांटी, जोडाक्षर, रफार यांमुळे संगणकाने मोजलेली चिन्हं आणि पडद्यावर दिसणारी रुंदी यांचा मेळ बसत नाही. कितीही मोकळ्या जागा घाला, रेघा डोळ्यांदेखत वाकड्याच राहतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला प्रिव्ह्यू ही जादाची सोय आहे. मराठी लिहिणाऱ्याला आपला तक्ता बरोबर आहे की नाही हे पाहायला दुसरी जागाच नाही. माझ्या मते तुमच्या निर्णयात सगळ्यात जास्त वजन या मुद्द्याला मिळायला हवं, आणि आजवरच्या चर्चांत तोच मला कुठे सापडत नाही.

सोलापुरात ही गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते. इथे मराठीइतक्याच सहजपणे कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानावर पडते. आमचे विद्यार्थी विणकामातल्या शब्दांचा एक संग्रह करत आहेत: मराठीत ताणा, बाणा, धोटा, फणी, आणि शेजारच्या रकान्यांत त्याच वस्तूला तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे आणि उर्दू बोलणारे कारागीर काय म्हणतात ते. एका ओळीत चार लिप्या, त्यातली एक उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी. उर्दू शब्दाच्या पुढच्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत पान क्रमांक लिहिला, तर कच्च्या मजकुरात तो आकडा उडी मारून शब्दाच्या डाव्या बाजूला जाऊन बसतो. फाइलमध्ये क्रम बरोबर असतो, पण दिसतो उलटा. विद्यार्थी ते 'दुरुस्त' करायला जातो आणि बरोबर असलेलं बिघडवतो. प्रिव्ह्यूमध्ये खराखुरा तक्ता आला आणि प्रत्येक चौकटीची दिशा तिच्यातल्या मजकुरावरून ठरली, तर हा गोंधळ तिथल्या तिथे मिटतो. एचटीएमएलमध्ये त्यासाठी दिशा 'ऑटो' ठेवण्याचा गुणधर्म आहेच. तक्ता तयार करताना तो प्रत्येक चौकटीला लावायचा, एवढंच काम.

याच संग्रहासाठी व्याख्या-यादी हवी. ती लिहायला अगदी सोपी आहे:

धोटा
: बाण्याचा धागा ताण्यातून आरपार नेणारं साधन.

फणी
: ताण्याचे धागे सारख्या अंतरावर ठेवणारी आणि प्रत्येक बाणा ठोकून घट्ट बसवणारी चौकट.

एका ओळीवर शब्द, खालच्या ओळीवर विसर्गचिन्हासारखं दिसणारं अपूर्णविराम आणि मग अर्थ. मिशेल फोर्तँ यांच्या पीएचपी मार्कडाउन एक्स्ट्रा या विस्तारित मार्कडाउनमध्ये ही रचना कितीतरी वर्षांपासून आहे आणि फाइलींचं स्वरूप बदलून देणारं पॅनडॉकही ती वाचतं. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या मार्कडाउनमध्ये ती नाही, म्हणून बरेच एडिटर तिला वगळतात. माझी विनंती आहे, वगळू नका. शब्दसंग्रह, कलमं, अवजारांची नावं, औषधी वनस्पती अशी टिपणं ज्याला करायची असतात त्याला हीच रचना लागते, आणि प्रादेशिक भाषांत असं काम खूप होतं.

आता तळटीपा. त्यांच्याशिवाय इतिहासाचं लिखाण होऊच शकत नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. या विषयावर आमच्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी लिहितंच. घरोघरी ऐकलेल्या आठवणी, जुनी वर्तमानपत्रं, सरकारी कागद हे सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं. कुठलं वाक्य कशावरून आलं हे त्या वाक्यापाशीच नोंदवायची सवय मुलांना लागावी, यासाठी मी आग्रही असतो. मार्कडाउनमध्ये ते किती सोपं आहे पाहा: वाक्याच्या शेवटी [^तुरुंग] अशी खूण, आणि खाली कुठेही [^तुरुंग]: लिहून संदर्भ. खुणेला देवनागरी नाव देता येतं, क्रमांक प्रिव्ह्यूने आपोआप लावायचे. परिच्छेद वरखाली हलवला तरी क्रमांक चुकत नाहीत. वर्ड प्रोसेसरमधून कॉपी-पेस्ट करताना तळटीपा गळून पडतात, तसं इथे होत नाही. पण प्रिव्ह्यूने खूण तशीच दाखवली की मुलं तळटीप देणंच सोडून देतात. मग संदर्भ कंसात, मग वहीत, मग कुठेच नाही.

तुमच्या बाजूचे आक्षेप मला ठाऊक आहेत. ते बिनबुडाचे आहेत असं मी म्हणणार नाही.

पहिला आक्षेप: गाभा लहान ठेवायचा आहे, ज्याला हवं त्याने प्लगइन घालावं. प्लगइन घालायला मशीनवर तेवढे अधिकार लागतात आणि इंटरनेट लागतं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला यातलं बहुधा काहीच नसतं. शिवाय प्लगइन लिहिणारा एखाद्या वर्षी ते सोडून देतो आणि एडिटरची पुढची आवृत्ती आली की ते बंद पडतं. सगळ्यात वाईट म्हणजे, एकच फाइल एका मशीनवर तक्ता दाखवते आणि शेजारच्या मशीनवर नुसत्या रेघा. शिकवणाऱ्याची त्यात फार ओढाताण होते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: मार्कडाउनच्या बोली अनेक, मग कुठली घ्यायची? पण २००४ सालची मोकळीक आज राहिलेली नाही. २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड आणि इतरांनी कॉमनमार्क हे मार्कडाउनचं मानक मांडलं आणि मूळ सिन्टॅक्सच्या संदिग्ध जागा नेमक्या केल्या. २०१७ मध्ये गिटहबने त्याच पायावर आपली व्याख्या प्रसिद्ध केली, त्यात तक्ते, कामांच्या याद्या आणि खोडलेला मजकूर आला. तळटीपांची रूढ रचना पीएचपी मार्कडाउन एक्स्ट्रा, मल्टीमार्कडाउन, पॅनडॉक यांत जवळपास एकसारखी आहे, आणि २०२१ पासून गिटहबवरही तीच चालते. म्हणजे पाया कॉमनमार्कचा, तक्ते वगैरे गिटहबच्या व्याख्येप्रमाणे, तळटीपा आणि व्याख्या-याद्या एक्स्ट्राच्या वळणाने. एवढं ठरवलं तर बहुतेक वाद संपतात. हे सगळं नव्याने लिहायचीही गरज नाही. मार्कडाउन-इट या तयार लायब्ररीमध्ये तक्ते आणि खोडलेला मजकूर आधीपासून आहेत, तळटीपा आणि व्याख्या-याद्यांसाठी तयार जोडण्या आहेत. सी भाषेत काम असेल तर गिटहबची सीमार्क-जीएफएम ही लायब्ररी आहे.

खऱ्याखुऱ्या भांडणाच्या जागा थोड्या आहेत. एकेरी लहरी रेघ (~) ही त्यांपैकी एक: पाण्याच्या रासायनिक सूत्रातला दोन हा आकडा अशा दोन रेघांमध्ये लिहिला तर पॅनडॉक तो खाली उतरवून दाखवतं आणि गिटहब त्यावर काट मारतं. माझं मत, खोडायला दुहेरी रेघच माना आणि एकेरी रेघ खालच्या अक्षरांसाठी मोकळी ठेवा. विज्ञान शिकवणारे तुमचे आभार मानतील. गणितासाठी डॉलरचं चिन्ह घेणार असाल तर पॅनडॉकचा नियम घ्या: सुरुवातीच्या चिन्हाला लागून मजकूर हवा, शेवटच्या चिन्हाआधी मोकळी जागा नको आणि त्याच्या लगेच पुढे आकडा नको. किंमती लिहिलेला परिच्छेद त्यामुळे समीकरण बनत नाही. आणि गणिताची लायब्ररी एडिटरसोबतच द्या, नेटवरून ओढू नका. आमच्याकडे वर्गात नेट नसतं.

एचटीएमएलमध्ये तक्ता लिहा, हा सल्ला कृपा करून देऊ नका. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवर मराठी लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ काय होतो ते सांगतो. त्या मांडणीत चांदणीच्या जागी 'श्र' उमटतो, उभ्या रेघेच्या जागी 'ऑ', उघडणाऱ्या चौकटी कंसाच्या जागी 'ड'. मार्कडाउनचं एकेक चिन्ह लिहायलाच कीबोर्ड बदलावा लागतो. प्रत्येक चौकटीला उघडणारा आणि बंद करणारा टॅग लिहायचा म्हटलं तर लिहिणारा तिथेच थांबतो. प्रिव्ह्यूबरोबर 'तक्ता घाला' आणि 'तळटीप घाला' अशा दोन आज्ञा मेनूत दिल्यात तर फार मोठी अडचण दूर होईल.

आता देवनागरीच्या खास गोष्टींकडे येतो. विस्तारित सिन्टॅक्स आला आणि या राहिल्या, तर आमचं निम्मंच काम होईल.

क्रमांकित यादी. कॉमनमार्कच्या नियमाप्रमाणे यादी फक्त इंग्रजी आकड्यांनी सुरू होते. आम्ही '१.', '२.', '३.' असं एकाखाली एक लिहितो आणि प्रिव्ह्यू त्या सगळ्या ओळी एका परिच्छेदात सलग जोडून टाकतो. नव्याने मार्कडाउन शिकणारा मराठी माणूस पहिल्याच दिवशी इथे अडखळतो. देवनागरी आकड्यांनाही यादीची खूण माना. हा मानकाबाहेरचा विस्तार होईल हे मला कळतं, म्हणून तो सेटिंगमध्ये ठेवा आणि मराठी भाषा निवडली की चालू करा. ते जमत नसेल तर निदान इंग्रजी आकड्यांनी लिहिलेली यादी देवनागरी क्रमांकांत दाखवा. वेबपानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये यादीच्या क्रमांकांसाठी देवनागरी शैली उपलब्ध आहे, स्टाइलशीटमध्ये एक ओळ पुरते.

ठळक आणि तिरपा मजकूर. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, आणि नेमकं तिथेच नियम आडवे येतात. \_धोटा\_ला असं खालच्या रेघांनी लिहिलं तर तिरपा मजकूर होत नाही, कारण शब्दाच्या मधोमध आलेली खालची रेघ कॉमनमार्क बंद करणारी मानत नाही. चांदणीने लिहिलं तर चालतं. पण \*\*'सोलापूर'\*\*चा असं अवतरणासकट ठळक केलं तर चांदण्याही तशाच उघड्या राहतात: बंद करणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर लगेच अक्षर आलं की त्या बंद करणाऱ्या मानल्या जात नाहीत. अवतरणचिन्हं चांदण्यांच्या बाहेर ठेवली की सुटतं. शब्दांमध्ये मोकळ्या जागा न सोडणाऱ्या चिनी-जपानी लिखाणातही हाच प्रश्न येतो. नियम बदलणं तुमच्या एकट्याच्या हातात नाही, पण अशा जागी प्रिव्ह्यूने बारीकशी सूचना दाखवली तरी लिहिणाऱ्याला चूक कुठे आहे ते कळेल.

मथळ्यांचे दुवे. अनुक्रमणिका करताना मथळ्यावरून दुव्याचं नाव तयार होतं. काही ठिकाणी इंग्रजीखेरीज सगळी अक्षरं गाळली जातात, मग उरतो नुसता एक क्रमांक. काही ठिकाणी अक्षरं राहतात पण मात्रा गळतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत शब्दातली अक्षरं ओळखणारा जो नेहमीचा वर्ग आहे त्यात काना-मात्रा धरल्या जात नाहीत, त्यामुळे 'सोलापूर'चं 'सलपर' होतं. 'मिल', 'माल' आणि 'मोल' हे तिन्ही मथळे 'मल' होतात आणि दुवा भलत्याच ठिकाणी नेतो. उपाय सोपा आहे: अक्षरांबरोबर युनिकोडमधला जोडचिन्हांचा वर्गही राखा.

आणि प्रिव्ह्यूच्या पानाला भाषा मराठी असल्याचं सांगा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात 'ल' आणि 'श' मग मराठी वळणाचे दिसतात. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा. रफार आणि उकार एकमेकांवर चढतात, तक्त्याच्या चौकटीत तर कापलेच जातात.

सुरक्षेबद्दल थोडंसं. विद्यार्थी एकमेकांच्या फाइली पेनड्राइव्हवरून उघडतात. प्रिव्ह्यूने फाइलमधली कुठलीही स्क्रिप्ट चालवता कामा नये. गिटहबच्या व्याख्येत नऊ टॅग निष्प्रभ करण्याची तरतूद आहे, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. तयार झालेलं एचटीएमएल परवानगीच्या यादीतून गाळूनच दाखवा, आणि दुव्यांमधून येणारी जावास्क्रिप्टही अडवा. नवी सोय देताना ही बाजू सैल सोडलीत तर मी स्वतः ती प्रयोगशाळेत बंद करीन.

आमच्याकडून मदत काय होईल तेही सांगतो. आम्ही एक चाचणी-फाइल तयार केली आहे. तिच्यात चार लिप्यांचा तक्ता, देवनागरी नावांच्या तळटीपा, व्याख्या-यादी, देवनागरी आकड्यांची यादी, प्रत्यय लागलेले ठळक शब्द आणि मात्रांमुळे एकमेकांत मिसळणारे मथळे आहेत, आणि प्रत्येकाखाली प्रिव्ह्यूमध्ये काय दिसायला हवं ते लिहिलं आहे. ती कुणीही कुठल्याही परवान्याखाली वापरावी. तुमच्या चाचण्यांमध्ये तिला जागा दिलीत तर पुढच्या आवृत्तीत एखादी गोष्ट मोडली की तुम्हाला आमच्याआधी कळेल. मेनूचे आणि मदत-पानांचे मराठी भाषांतर करायला आमचे विद्यार्थी तयार आहेत, आणि जुन्या मशीनवर प्रत्येक आवृत्ती चालवून पाहायलाही.

सगळं एकदम जमणार नसेल तर आधी तक्ते आणि तळटीपा घ्या, त्यांच्या मागोमाग देवनागरी आकड्यांची यादी. व्याख्या-यादीसाठी आम्ही थोडं थांबू. जूनमध्ये नवी बॅच येते आणि प्रकल्पांचे विषय जुलैत ठरतात. तोवर चाचणीची आवृत्ती मिळाली तर याच वर्षीच्या मुलांना ती वापरायला देता येईल.

आपला स्नेहांकित,
सोलापुरातला एक शिक्षक